आली कुठून ही माती?

वर्षभर संपादक मला या सदरासाठी मोजून दीड रकाना देतात आणि दिवाळीला मात्र "पाने मोकळी आहेत, हवे तेवढे लिहा" असे कळवतात. इतकी मोकळीक मिळाली की लिहिणाऱ्याला नेमका विषय सुचत नाही. या खेपेस ती अडचण पडली नाही, कारण ठाण्याच्या एका भगिनींचे पत्र श्रावणापासून माझ्या टेबलावर पडून आहे आणि त्याचे उत्तर दीड रकान्यात मावणारे नव्हते.

बाईंची इमारत जुनी झाली आहे. ती पाडून तिथे बारा मजली नवी उभी राहायची आहे. यजमान सोसायटीचे चिटणीस, म्हणून जमिनीच्या तपासणीचा अहवाल त्यांच्या घरी आला. त्यात एक उभा तक्ता आहे : वरचे तीन मीटर 'फिल्ड-अप', त्याखाली सात मीटर 'मरीन क्ले', त्याखाली थोडी 'रेसिड्युअल सॉइल' आणि मग खडक. बाई लिहितात, "आमच्या गच्चीवरूनसुद्धा समुद्र दिसत नाही, मग ही समुद्राची माती आमच्या घराखाली आली कुठून? यजमान म्हणतात, इंजिनिअरांचे ते इंजिनिअर बघतील. पण आमची सगळी पुंजी त्या बारा मजल्यांत जाणार आहे. घाबरायचे की नाही, एवढे सांगा."

मी सारी नोकरी जमिनीला भोके पाडण्यात घालवली. पूल, धरण, शाळा, काहीही बांधायचे असो, आधी आम्ही जाऊन भोक पाडायचे आणि खालून काय निघते ते बघायचे. तेव्हा बाईंना सांगतो की त्यांनी जो प्रश्न विचारला, 'आली कुठून', तोच आमच्या धंद्यातला पहिला प्रश्न आहे. मातीचा रंग, कस, भाव हे सगळे नंतरचे. ती जिथे आहे तिथेच जन्मली की कुणी आणून टाकली? आणि आणली असेल तर कुणी आणली? नदीने, तळ्याने, वाऱ्याने, बर्फाने, समुद्राने, की नुसती उतारावरून घरंगळत आली? ज्याने आणली त्याचा स्वभाव मातीत उतरतो, आणि तो स्वभाव उद्या आपल्या भिंतींत दिसतो.

शाळेच्या भूगोलात या मातींना 'जलोढ', 'हिमोढ' अशी नावे असतात. मुले हसतात, त्यांना वाटते, या मातीतल्या 'ढ' आहेत. वास्तविक 'ऊढ' म्हणजे वाहून नेलेले. लग्न होऊन नुकतीच सासरी आलेली मुलगी ती 'नवोढा', त्यातला 'ऊढा' हाच. जगातल्या मातीचे दोन तट पडतात ते असे : एक जन्मभर माहेरीच राहिलेली आणि दुसरी सासरी गेलेली.

माहेरच्या मातीचे उत्तम उदाहरण म्हणजे आपला मुरूम. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर ओतले जाऊन महाराष्ट्राचा काळा पत्थर तयार झाला. ऊन-पावसाने तो जागच्या जागी कुजतो, कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो. वर माती, खाली मुरूम, त्याखाली भुसभुशीत खडक आणि मग घण उडवून लावील असा पत्थर. यातले एक कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते ते बोट ठेवून दाखवता येत नाही. खाली जावे तसतसे घट्ट लागते, म्हणून पुण्याकडचा गवंडी "मुरूम लागला" म्हणतो तेव्हा मुलाला नोकरी लागल्यासारखा त्याचा चेहरा फुलतो. कोकणातला जांभाही याच जातीचा. धो धो पावसाने खडकातले जे जे विरघळण्यासारखे होते ते धुऊन नेले आणि लोखंड व ॲल्युमिनियम तेवढे मागे राहिले. ओला असताना तो हत्याराने वडीसारखा कापता येतो आणि उघड्या हवेत वाळला की टणक होतो. फ्रान्सिस बुकॅनन या साहेबाने १८०७ साली केरळातल्या अंगाडिपुरमचा जांभा पाहून त्याला 'लॅटेराइट' हे नाव दिले. कोकणातल्या माणसाने त्याआधी कित्येक पिढ्या त्याचे चिरे काढून घरे बांधली होती, पण पुस्तकात नाव साहेबाचे लागले.

माहेरची म्हणून प्रत्येक माती सोशीकच असेल असे मात्र समजू नये. आपली काळी कपाशीची जमीन पाहा. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हाताचा पंजा जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर उथळ पायाचे हलके घर बांधले की ते दरसाल वर-खाली होते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. घरमालक ती दर दिवाळीला लांबी भरून बुजवतो. पुढच्या दिवाळीला ती पुन्हा हजर. यावर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी कंद असलेला खांब काढला. मुळ्याऐवजी बीट पुरल्यासारखा तो जमिनीत अडकून बसतो आणि वरची माती कितीही फुगली तरी उचलला जात नाही. उंच माळावर ही काळी माती वीतभर असते. तापी-पूर्णेच्या खोऱ्यात मात्र मीटरच्या मीटर खोल लागते, कारण तिथे ती नुसती जन्मलेली नाही, आजूबाजूच्या उंचवट्यांवरून नद्यांनी आणून साठवलेली आहे. रंग तोच, वंश तोच. फक्त एक माहेरी राहिली आणि एक सासरी गेली.

नदी म्हणजे हमाल. अंगात जोर आहे तोवर धोंडेसुद्धा उचलते. डोंगर उतरला, चाल मंदावली की पहिल्याने धोंडे टाकते, मग गोटे, मग वाळू, मग बारीक पोयटा, आणि अगदी थकून उभी राहिली की चिकणमाती. दिवाळीच्या सुट्टीत मुले किल्ल्याची माती कालवतील, त्यातली मूठभर काचेच्या बरणीत पाण्यात घालून खूप हलवा आणि बरणी खिडकीत ठेवून द्या. वाळू मिनिटाच्या आत तळाला बसेल, पोयट्याला तास-दोन तास लागतील, आणि चिकणमातीने गढूळ झालेले पाणी दुसऱ्या दिवशीही पुरते नितळलेले नसेल. गंगेने हिमालयापासून बंगालपर्यंत हाच उद्योग मोठ्या बरणीत केला आहे.

नदीच्या मातीची दोन लक्षणे लक्षात ठेवावी. लांब आलेल्या दाण्यांचे कोपरे झिजून गोल झालेले असतात. आणि ती थराथराने असते, एका पुराचा एक थर, दुसऱ्या पुराचा दुसरा. पिकाला हिच्यासारखी जमीन नाही. पण पाण्याने तुडुंब असलेल्या मोकळ्या वाळूला भूकंपाचा धक्का बसला की ती काही क्षण पातळ पिठल्यासारखी होते. १५ जानेवारी १९३४ ला उत्तर बिहारात शेतांतून वाळूचे कारंजे उडाले आणि घरे जमिनीत कलली ती त्यामुळे. मऊ गाळाची आणखी एक खोड म्हणजे आलेला धक्का तो वाढवून पुढे देतो. २६ जानेवारी २००१ ला धरणी हादरली कच्छात, पण दोनशेहून अधिक किलोमीटर दूर अहमदाबादेत, साबरमतीच्या गाळावर उभ्या असलेल्या कित्येक इमारती बसल्या. बांधकामाचे दोष होतेच. गाळाने त्यांना माफी दिली नाही.

तळ्याची माती ही नदीचीच, पण त्याहून बारीक. कारण तळ्यात पाणी उभेच असते. काश्मिरातली 'करेवा' नावाची पठारे म्हणजे एका जुन्या सरोवराचा तळ. पांपोरचे केशर त्याच मातीत येते, म्हणजे दिवाळीच्या श्रीखंडाशी तिचे नाते आहे. उलट मेक्सिको शहर पाहा. जुन्या अॅझटेक लोकांची राजधानी सरोवरातल्या बेटावर होती. स्पॅनिश लोकांनी ती जिंकली, पुढे सरोवर आटवले आणि त्याच्या तळावर मोठे शहर वसवले. ती चिकणमाती इतकी पाणीदार की विहिरींनी खालचे पाणी उपसताच शहराचा मध्यभाग विसाव्या शतकात सुमारे ९ मीटर खाली गेला. १९ सप्टेंबर १९८५ ला भूकंप झाला तो साडेतीनशे किलोमीटरहून दूर, समुद्रकाठी. पण सरोवराचा तळ ताटातल्या खरवसासारखा हलत राहिला आणि हजारो माणसे गेली. त्याच शहरात टणक जमिनीवर असलेल्या वस्तीला त्या मानाने फारच थोडी झळ लागली.

वारा आणि बर्फ यांचे आपल्या प्रांतात फारसे काम नाही, म्हणून त्यांना थोडक्यात वाटेला लावतो. वारा निवडून नेतो. सुपाने पाखडावे तसे एका मापाचे दाणे. चीनमधली पिवळी 'लोएस' माती ही त्याची करणी. ती शेकडो मीटर जाडीची, सरळ उभी कापली तरी कोसळत नाही, म्हणून लोकांनी तिच्यात गुहा कोरून घरे केली. पण भिजली किंवा हादरली की कोसळते. १५५६ च्या शान्शी भूकंपात ८ लाख ३० हजार माणसे गेली असे परंपरेने सांगतात, त्यांतली कितीतरी या गुहांत होती. बर्फाचे उलटे. हिमनदी काहीच निवडत नाही. घर हलवताना टेंपोत भरावे तसे घराएवढ्या धोंड्यापासून पिठाएवढ्या भुकटीपर्यंत सगळे एकत्र आणून टाकते. केदारनाथच्या वर असाच हिमनदीने टाकलेला बांध होता, त्यामागे चोराबारी ताल साठला होता. जून २०१३ मध्ये तो बांध फुटला. यात्रेला गेलेली आपल्याकडची माणसेही त्यात सापडली होती.

आता ज्या मातीला पाणी लागले नाही, वारा लागला नाही, जी केवळ स्वतःच्या वजनाने उतारावरून खाली आली, तिच्याविषयी जरा सविस्तर लिहितो. कारण हिच्यावरून आमच्या घरात अबोला झाला.

माझ्या भाच्याने पुण्याच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी पाच गुंठे जागा पाहिली. छान हिरवागार उतार, समोर धरणाचे पाणी. इसार देऊन झाला होता. मला नेले ते विचारायला नव्हे, दाखवायला. सोबत भाचेसून, डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. रस्ता करण्यासाठी पोकलेनने उताराचा पायथा दोन पुरुष उंच कापला होता. भाचा देखावा दाखवत होता आणि मी त्या कापलेल्या भिंतीकडे बघत होतो. लाल माती, तिच्यात लिंबाएवढ्यापासून पिंपाएवढे दगड, कसेही रुतलेले. थर नाहीत. दगडांचे कोपरे धारदार. म्हणजे लांबून आले नव्हते आणि पाण्याने आणले नव्हते. वरच्या अंगाला झाडांची खोडे बुंध्याशी उताराकडे वाकून मग सरळ वर गेलेली. खालचा खडक जिथे सुरू होत होता तिथे, मार्च असूनही, ओलाव्याची एक रेघ.

मी म्हटले, "इथे घर बांधू नकोस."

"मामा, डोंगर शेकडो वर्षं इथेच आहे!"

"डोंगर इथलाच आहे रे. ही माती इथली नाही. ती वरून आली आहे, आणि तिचं येणं अजून संपलेलं नाही."

भाचेसून तोवर गप्प होती. तिने विचारले, "मामा, ही आली ती एकदम आली असेल, की हळूहळू?"

याहून नेमका प्रश्न मला नोकरीत कुणी विचारला नव्हता. मी तिला सांगितले, दोन्ही होऊ शकते. वर्षाला नखभर सरकत येते, झाडे वाकतात ती त्यामुळे. आणि एखाद्या पावसाळ्यात पाणी आत मुरून मातीचे वजन वाढते, खडकावरची पकड सुटते आणि सगळा थर एकदम निघतो. इतकी वर्षे तिला पायथ्याच्या मातीचा टेकू होता. तो टेकू रस्त्यासाठी कापून नेला होता.

"आणि वर अजून किती शिल्लक आहे?" ती म्हणाली. आम्ही तिघांनीही वर पाहिले.

व्यवहार मोडला. इसारापैकी निम्मे बुडाले. त्या वर्षी भाचा गणपतीला आमच्याकडे आला नाही. ती जागा अजून जागच्या जागी आहे, आणि दर पावसाळा संपला की तो मला हे आवर्जून कळवतो. मी म्हणतो, असू दे. उतारावरची माती निघेल की नाही हे सांगता येते, कोणत्या वर्षी ते सांगता येत नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव सकाळच्या वेळी गेले, एस.टी.च्या चालकाला नेहमीच्या जागी गाव दिसेना, तेव्हा जगाला कळले. दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ ला महाडजवळचे तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळची इर्शाळवाडी. माणसे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. त्यांना दुसरीकडे जागा नव्हती. आपण शहरातली माणसे मात्र देखाव्यासाठी पैसे मोजून उताराखाली जागा घेतो आणि विकणारा 'डोंगराच्या कुशीत' असे छापतो, याचे मला अजून नवल वाटते.

पुस्तकात बहुधा शेवटी एका ओळीत उरकलेला आणखी एक हमाल आहे : माणूस. आपल्या भाषेने त्याची नोंद फार पूर्वी घेतली आहे. शेताची ती 'काळी' आणि गावठाणाची ती 'पांढरी'. मातीच्या भिंती बांधायच्या, पडल्या की त्यावरच पुन्हा बांधायच्या, चुलीची राख टाकायची. असे शतकानुशतके साचून पांढरीचे टेकाड होते. शेतकरी ती माती खत म्हणून शेतात नेत. अशा टेकाडांवरच डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळियांनी १९५०-५१ मध्ये जोर्वे आणि १९५४ पासून नेवासे येथे उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांहून जुन्या वस्त्या सापडल्या. आजची पांढरी म्हणजे ट्रकातून येणारा भराव : विटांचे तुकडे, फरशा, प्लॅस्टिक, जुन्या इमारतीचा राडारोडा. हा भरणारा हमाल नदीसारखा नियमाने टाकत नाही, मिळेल ते टाकतो. बाईंच्या तक्त्यातले 'फिल्ड-अप' ते हेच. त्याच्यावर भिस्त ठेवून कुठलाही शहाणा इंजिनिअर काही बांधत नाही.

राहिली समुद्राची माती. नदीच्या गोड पाण्यातले चिकणमातीचे कण एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. खाडीत खारे पाणी भेटले की लिंबू पिळल्यावर दूध नासावे तसे ते गोळा होतात आणि सावकाश तळाशी बसतात. पण बसतात ते पत्त्यांच्या बंगल्यासारखे, मध्ये पाणीच पाणी. ठाणे काय, मुंबई काय, खाड्यांच्या काठाने, मिठीच्या दलदलीत, जिथे जिथे भरतीचे पाणी फिरत होते तिथे हा करडा-काळा मऊ चिखल आहे. त्यावर भराव पडला, भरावावर रस्ता, रस्त्याकडेला घरे झाली, आणि बाईंच्या गच्चीवरून समुद्र दिसेनासा झाला.

या मातीवर वजन ठेवले की तिच्यातले पाणी पिळून निघते, पण इतके सावकाश की त्याला वर्षेच्या वर्षे लागतात. कार्ल टेर्झाघी यांनी १९२५ साली व्हिएन्नात छापलेल्या ग्रंथात याचे गणित मांडले. जपानमधला कान्साईचा विमानतळ समुद्रात अशाच मातीवर भराव घालून केला आहे. तो दहा मीटरहून अधिक खचला आहे, आणि खचणार हे धरूनच बांधला होता. पिसाचा मनोरा ११७३ साली मऊ मातीवर सुरू झाला, पाच वर्षांत कलू लागला. पुढे १९९० ला तो लोकांसाठी बंद केला आणि उंच बाजूखालची थोडी थोडी माती काढून सुमारे ४५ सेंटिमीटर सरळ करून २००१ ला पुन्हा उघडला. त्याच्या खाली खडकापर्यंत गेलेले खांब नव्हते. बाईंच्या इमारतीखाली ते असतील.

म्हणून बाई, 'मरीन क्ले' या शब्दाला घाबरू नका. त्याखाली तुमच्याकडे माहेरची माती आहे आणि खडक आहे. बारा मजल्यांचे वजन पाइलमधून थेट तिथे गेले पाहिजे. यजमानांना सभेत एवढे विचारायला सांगा. पाइल खडकाला नुसती टेकणार की आत शिरणार, आणि किती? भोके किती पाडली आणि कुठे कुठे? खाडीचा तळ सपाट नसतो. एका कोपऱ्यात खडक दहा मीटरवर लागला म्हणून दुसऱ्या कोपऱ्यात तो तिथेच लागेल असे नाही. भोवतालचा चिखल खचताना पाइललाही खाली ओढतो. तो ओढा हिशेबात धरला आहे का? खाऱ्या मातीत लोखंड गंजते, तर सिमेंट कोणते आणि लोखंडावर आवरण किती?

आणि एक गोष्ट नकाशात सहसा नसते, म्हणून मुद्दाम लिहितो. इमारत खचणार नाही, पण अंगण खचेल. पाच-सात वर्षांत जिन्याची पहिली पायरी अधांतरी दिसू लागेल, वाहनतळाच्या फरशा बसतील आणि मैलापाण्याचा पाइप इमारतीतून बाहेर पडतो त्या ठिकाणी तुटेल. तिथे लवचीक सांधे घालायला आत्ताच सांगा. नंतर तो खर्च सोसायटीवर पडतो. जमिनीखालची पाण्याची टाकीही पाइलवर घ्यायला सांगा.

भोकातून काढलेले नमुने पिशव्यांत आणि लाकडी पेट्यांत काही काळ जपून ठेवतात. ते बघायला मागण्याचा सभासदांना संकोच वाटू नये. सात मीटरवरच्या पिशवीत करडा, गिळगिळीत, किंचित घाण वासाचा गोळा असेल. तो बोटांनी फोडून पाहा, आत बहुधा शिंपल्याचे तुकडे सापडतील.